धोंड्याच्या वाणातला कॉम्प्युटर

अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, तेहतीस अनारसे ताटात घालायचे आणि तो मागेल ते हसत द्यायचं, ही आमच्या शेंबीखारातली रीत. मागण्याला धरबंध नाही. मागच्या एका धोंड्याच्या जेवणाला धर्माजीच्या जावयाने विहीर मागितली. धर्माजीने दिली. विहीर उचलून नेता येईना म्हणून जावईच इथे येऊन राहिला, तो अजून आहे. त्यामुळे कोंडाजीचा जावई गणराज उलव्याहून जेवायला येतोय म्हटल्यावर सगळ्या आळीने आपापल्या ओट्यावर काहीतरी निवडायला काढलं.

गणराजचं उलव्यात मोबाइलचं दुकान. गाडीतून उतरला तो दोन फोनवर एकदम बोलत. मागून दिपाली उतरली, कोंडाजीची लेक. तिच्या हातात पिशव्या. पडवीत पाय ठेवताच त्याची नजर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर गेली आणि मेलेली घूस बघावी तसं त्याने तोंड केलं.

“मामा, हा डबा अजून ठेवलाय तुम्ही?”

डबा सुचिताचा होता. सुचिता म्हणजे कोंडाजीची सून. नवरा सदा ट्रक घेऊन गुजरातेत, महिन्यातून दोनदा घरी. चार वर्षांपूर्वी अलिबागचं कुठलंसं ऑफिस बंद झालं तेव्हा तिने तो जुना घेतला. त्याचा पंखा सुरू झाला की वादळ आलं समजून शेजारच्या कोंबड्या खुराड्यात शिरत. एका पावसाळ्यात उंदरीण आत बाळंत झाली, पाच पिल्लं झाली, तरी त्या दिवशी सुचिताने नऊ जणांचे फॉर्म भरले. कीबोर्डात तांदळाची कणी, मीठ, कोंबडीचं पीस, सगळं होतं. बटण दाबलं की अक्षर उमटायचं. गावातलं रेशनकार्ड, दाखला, अर्ज, काहीही असो, माणूस थेट त्या पडवीत यायचा.

जेवताना गणराजने पिशवीतून एक पाटी काढली. पापडापेक्षा जाड, भाकरीपेक्षा बारीक.

“हा टॅब. ह्याच्यात कॉम्प्युटर, टीव्ही, कॅमेरा, सबकुछ. लॅपटॉपपण आता कोणी घेत नाय मामा. पब्लिक शहाणी झाली.”

“ह्याच्यातून छापायचं कसं?” सुचिताने वाढता वाढता विचारलं.

“वहिनी, छापायचं कशाला? कागदाचा जमाना गेला.”

“तलाठ्याला कोणी सांगितलंय का हे?”

बाहेर ओट्यावर कोणीतरी हसलं. कोंडाजीने डोळे वटारले. जावयाच्या तोंडाला लागायचं नसतं, तेही धोंड्याच्या ताटावर.

“बरं जावईबापू, मागा काय ते,” तो म्हणाला. चांदीची वाटी आणून ठेवलीच होती.

“मना वाटी नको, अंगठी नको. तो डबा द्या. मी भंगारात टाकतो, तुमची पडवी मोकळी होईल. आणि हा टॅब वहिनीला माझ्याकडनं.”

आळी थक्क झाली. जावई मागतो काय तर कचरा, आणि वर देतो नवी वस्तू! कोंडाजीची छाती अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण उडालं. ते कोकिळाच्या आमटीत पडलं असं कोकिळा सांगते. तिचं घर चार दारं पलीकडे आहे.

“मामंजी, तो माझा...” सुचिता म्हणाली.

“सुचिते.”

एवढंच. मग कोंडाजीने कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं, वर नारळ ठेवला आणि वाण म्हणून जावयाच्या हवाली केला. सुचिता भाताची परात घेऊन दारात उभी होती. तिच्या वस्तूला कुंकू लागलं आणि ती गेली. कीबोर्ड, माउस, छापायचं मशीन, वायरींसकट. गणराजने मागच्या सीटवर सगळं नीट मांडलं आणि पडद्याला गाडीचा पट्टा लावला. दिपाली उरलेल्या जागेत अंग चोरून बसली.

आठ दिवस टॅबचं कौतुक झालं. त्यात फोटो झकास निघायचे, हे खोटं बोलणार नाही. सासू आवडाबाई त्याच्यावर कीर्तन बघायची. पण कोकिळा निराधाराचा फॉर्म घेऊन आली तेव्हा गंमत कळली. लिहायला बोट ठेवलं की खालून अक्षरं वर यायची आणि फॉर्म त्यांच्याखाली बुडायचा. अक्षरं हाकलली की फॉर्म दिसायचा, पण मग लिहायचं कशाने? पाऊण तासात कोकिळाचं नाव झालं, नवऱ्याचं अर्धं.

“मेल्यावर पण मेला पुरा येत नाय,” कोकिळा म्हणाली आणि उठून गेली.

पौर्णिमेच्या उधाणाला बाहेरच्या बांधाला खांड पडली.

आमची भातं खाजणात. समुद्र आणि शेत यांच्यामध्ये मातीचा एक बांध, बाकी देवाची कृपा. लावणी होऊन पंधरा दिवस झालेले, रोपांनी नुकताच हिरवा रंग धरलेला. दुपारी भरती चढली, बांध आधी ओला झाला, मग मऊ झाला, मग दोन घरांच्या रुंदीएवढा गेलाच. खारं पाणी पहिल्या शेतात शिरलं ते कोंडाजीच्या. ओहोटीला पाणी गेलं आणि रोपांची टोकं पिवळी झाली. आतली बाकीची शेतं अजून वाचलेली, आतल्या छोट्या बांधाच्या भरवशावर. पुढचं मोठं उधाण अमावास्येला. तोवर खांड बुजली नाही तर तीन वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा उगवत नाही.

बांधाचं काम जोळाचं. जोळ म्हणजे खारातल्या सगळ्या शेतकऱ्यांची एकी. प्रत्येक घराला बांधाचे अमुक हात नेमून दिलेले, ते त्याने राखायचे. खांड मात्र सगळ्यांची. घरटी एक माणूस, ओहोटी लागली की उतरायचं. खाली माणसं चिखलात मांड्यांपर्यंत, चिकण मातीचा कलिंगडाएवढा गोळा कापायचा, या हातातून त्या हातात, शेवटच्याने खांडीत आपटायचा. कोंडाजीच्या घरून सुचिता. सदा ट्रकवर, कोंडाजीचा गुडघा गेलेला. पाच दिवस ती रांगेत उभी होती. चिकणात शिंपल्यांची धार असते आणि वर मीठ. पहिल्या दिवशी बोटांची कातडी पांढरी पडली, दुसऱ्या दिवशी सुरकुतली, तिसऱ्या दिवशी चिरली. चिरेत मीठ गेलं की ती ओठ चावायची आणि पुढचा गोळा घ्यायची. भरती आली की केलेलं निम्मं काम वाहून जायचं.

सोमवारी जोळाचा पंच तुळशीराम अलिबागच्या ऑफिसात जाऊन आला. चपला हातात घेऊन तो थेट कोंडाजीच्या पडवीत टेकला.

“मशीन हाय. पोकलेन. पण एकच, आणि तीन गावांनी मागितलाय. साहेब बोलला, जो गाव पयली यादी देईल त्याला. जोळाचं सगळं खातेदार, गट नंबर, क्षेत्र आणि कोनाचं बांधाचं किती हात. छापलेली, पंचाची सही केलेली, आणि फाइल पण पायजे. शुक्रवारी पाच वाजेपरत. हातानं लिवलेली चालनार नाय.”

“किती खातेदार?” कोंडाजीने विचारलं.

“एकशे श्याऐंशी. पन सुचितानं टाइप केलेली हाय ना मागं? आपली वही वाळवीनं खाल्ली तवा.”

सुचिता हातांना खोबरेल लावत होती. ती म्हणाली, “केलेली हाय. कॉम्प्युटरात.”

पडवीतल्या मोकळ्या कोपऱ्याकडे कोणी बघितलं नाही. सगळ्यांनी कोंडाजीकडे बघितलं.

गणराजला फोन लावला. “टेन्शन नाय घ्यायचं वहिनी! भंगारात टाकायच्या आधी तुमची यादी मी टॅबवर पाठवलीय. उघडा, चार बोटं मारा, खतम.”

उघडली. नावं होती, गट नंबर होते. क्षेत्र भरायचं होतं. सुचिताने बोट ठेवलं. टॅब हलला नाही. दुसरं ठेवलं. नाही. पुसून ठेवलं, थुंकी लावून ठेवलं, पट्टी काढून ठेवलं. चिरेतून रक्ताचा टिपका काचेवर आला. तेवढ्यापुरता टॅब जागा झाला आणि त्याने कसली तरी जाहिरात दाखवली.

“तुमी बगा,” तिने तुळशीरामला सांगितलं. तुळशीरामचं बोट म्हणजे वाळलेली शेंग. त्यालाही टॅब ओळखेना. मग आळीतला एकेक जण आला. पाच दिवस चिखलात राबलेली चाळीस माणसं रांगेत उभी राहिली आणि एका काचेला बोट लावून गेली, जसं काही दर्शन घेत होती. एकालाही त्या पाटीने जिवंत माणूस मानलं नाही. लावणी केलेला, माती उचललेला हात त्या वस्तूला कळतच नाही. बनवणाऱ्याने तो कधी पाहिलेलाच नसावा.

शेवटी एकच बोट चाललं. धर्माजीच्या जावयाचं. सहा वर्षांत त्याने विहिरीतून पाण्याची कळशीसुद्धा काढलेली नव्हती. त्याचं बोट लोण्यासारखं, काचेवर पोहत होतं.

त्याला पाटावर बसवला, चहा दिला. सुचिता सातबारे बघून सांगायची, तो बोट लावायचा. गट नंबर, क्षेत्र, पुन्हा चहा. मंगळवारी संध्याकाळपर्यंत अकरा खातेदार झाले. बुधवारी दुपारी त्याला शिंक आली, बोट घसरलं आणि क्षेत्राचा सगळा रकाना एक घर खाली सरकला. क्षणात गावाची जमीन शेजाऱ्याकडे गेली. कोकिळाच्या नावावर तुळशीरामचे सव्वादोन एकर आले. कोकिळा म्हणाली, “ऱ्हाऊ दे, बरा दिसतंय.” तुळशीराम धावला. आवडाबाईने टॅब उचलून तांदळाच्या डब्यात ठेवला आणि वर झाकण लावलं.

“बांधाचे हात कुठं हाईत ह्याच्यात?” ती म्हणाली. “ते तर दिसलंच नाय मना.”

सुचिताचा चेहरा उतरला. ते तिच्याही लक्षात आलं नव्हतं. हातांची मापं वेगळ्या फाइलीत होती आणि गणराजने ती घेतलीच नव्हती. कोणाचे किती हात, हे तोंडी विचारायची सोय नाही. विचारलं तर एकशे श्याऐंशी घरं मिळून आपल्या वाट्याला इतके कमी हात सांगतील की बांध अर्धाच भरेल. माप फक्त त्या डब्यात होतं. डबा भंगारात.

गणराजला पुन्हा फोन. “हातांची फाइल? अं... बघावं लागंल वहिनी. कस्टमर आहे, नंतर बोलतो.” नंतर फोन लागेना.

सुचिता गुरुवारी अलिबागला गेली. एका दुकानात चार कॉम्प्युटर होते. दुकानदार म्हणाला, नुसतं टाइप करायचं तर सोमवारी मिळेल आणि मापं तुमची तुम्ही आणा. ती परत आली, चुलीपुढे बसली आणि म्हणाली, “मामंजी, मी उद्या उलव्याला जाते. डबा असला तर मागते.”

कोंडाजी ताडकन उठला, गुडघा विसरून. “धोंड्याचं वाण परत मागनार? माज्या जावयाच्या दारात? उद्या आळीत तोंड कसं दाखवू?”

“शेत गेलं तर दाखवनार हाय का?”

“ते मिठानं गेलं असं बोलतील. हे माज्या हातानं गेलं असं बोलतील.”

आवडाबाईने नऊवारीचा काचा ओढून बांधला. सत्तरीची बाई, पण काचा बांधला की कोंडाजी गप्प होतो.

“मागायला कोन जातंय? मना माजे लेकीला भेटायचाय. एकटीनं कशी जाऊ? सून सोबत येईल.”

शुक्रवारी सकाळच्या पहिल्या लाँचने दोघी रेवसहून करंज्याला उतरल्या. खाडी अशी उसळत होती की लाँच तीनदा मागे फिरली आणि करंजाच तिच्याकडे चालत आलं, असं आवडाबाई सांगते. तिथून बस, मग रिक्षा. उलव्यात गणराजच्या दुकानावर माणसाच्या दुप्पट उंचीचा फलक होता: एक टॅब, सगळी कामं!

आत काउंटरच्या मागे गणराज बसला होता. पुढे सुचिताचा कॉम्प्युटर. पडद्यावर कोंडाजीने लावलेलं कुंकू तसंच. पंखा गरगरत होता, छापायचं मशीन बिल ओकत होतं आणि गणराजची दहाही बोटं बटणांवर अशी पडत होती जशा पत्र्यावर गारा.

“भावोजी,” सुचिता म्हणाली, “भंगारवाला आला नाय वाटतं अजून?”

गणराजची बोटं थांबली. समोर एक गिऱ्हाईक टॅबचा खोका हातात घेऊन उभं होतं.

“वहिनी! या ना, बसा... काय आहे, दुकानाचं काम टॅबवर जरा... बिलं मारायची, रिटर्न भरायचं, स्टॉक बघायचा. टॅबवर ते नाय होत.”

गिऱ्हाइकाने खोका काउंटरवर ठेवला.

“म्हणजे, होतं,” गणराज घाईने म्हणाला, “पण होत नाय.”

“उठा,” सुचिता म्हणाली.

“अगं वहिनी, माझं एक बिल...”

“आमी काय मागायला आलो नाय जावईबापू,” आवडाबाई स्टुलावर बसत म्हणाली. “सून जरा बसेल. पावन्याला बसू देत नाय का तुमच्या उलव्यात?”

गणराज उठला. सुचिता बसली. हातांची फाइल जिथे तिने ठेवली होती तिथेच होती. आता दोन्ही फाइली एक करायच्या आणि क्षेत्र पिशवीतल्या सातबाऱ्यांवरून भरायचं. तिने दोन्ही हात बटणांवर ठेवले. बटणाला कातडी लागत नाही, जोर लागतो, आणि तो तिच्यात होता. चिरलेलं बोट दाबलं की अक्षर. पट्टी बांधलेलं बोट दाबलं की अक्षर. चौथ्या पानावर करंगळीची चीर उघडली आणि बटणं लाल झाली. ती थांबली नाही. एकशे श्याऐंशी खातेदार, गट, क्षेत्र, हात. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी फलक वाचायचं, मग तिच्याकडे बघायचं, मग गणराजकडे.

“आजी, घेऊ का टॅब?” एका बाईने विचारलं.

“घे की. पोराला भरवताना तोंडापुढं धरायला बरा हाय,” आवडाबाई म्हणाली. “कामाला पायजे असंल तर मालक कशावर काम करतंय ते बघ.”

गणराज तोवर फोनच्या काचा पुसत होता. त्याने एकच काच अकरा वेळा पुसली.

एक वाजता यादी छापून झाली, फाइल पेनड्राइव्हवर घेतली. मागच्या खोलीतून दिपाली आली. दाराआडून तिने सगळं ऐकलं होतं. तिने तबक आणलं, सुचिताला पाटावर बसवून कुंकू लावलं, पदर पसरायला सांगितला. तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला. मग वाकली, कॉम्प्युटरच्या वायरी उपटल्या आणि डबा उचलून सुचिताच्या ओटीत ठेवला.

सुचिता वजनाने पुढे झुकली.

“अगं ए! माझी बिलं आहेत त्यात! तीन महिन्यांची!” गणराज ओरडला.

“वहिनी पहिल्यांदा दारात आली,” दिपाली म्हणाली. “ओटी भरली. भरलेली ओटी परत मागतात का तुमच्यात?”

त्याने सासूकडे बघितलं. सासू पडदा काखेत मारून रिक्षाला हात करत होती.

अलिबागच्या ऑफिसात पोचल्या तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. दारात थांबलेल्या तुळशीरामने पानापानावर सही केली. कारकून यादीची पानं मोजत म्हणाला, “हा बांधाच्या हातांचा रकाना दुसऱ्या गावांनी कोराच आणला.” मग टेबलावरून वाकून त्याने सुचिताच्या मांडीवरच्या डब्याकडे बघितलं. “हे काय?”

“माहेरचं नाय, सासरचंच हाय,” आवडाबाईने सांगितलं. “तू शिक्का मार.”

रविवारी पोकलेन आला. दोन दिवस त्याने खांडीत माती लोटली. त्याला आमच्या चिकणात मध्येच रुतायची हौस होती, ती त्याने चारदा भागवून घेतली. मंगळवारी तो पुढच्या गावाला गेला. भराव मजबूत होता पण समुद्राकडची बाजू उघडी. तिला चिकणाच्या गोळ्यांनी लिंपल्याशिवाय लाट माती चाटून नेते, आणि ते यंत्राचं काम नाही. अमावास्येच्या सकाळी ओहोटी लागताच पुन्हा रांग उभी राहिली. भरती दुपारी येणार. सुचिता रांगेत होती, हाताला फडकी बांधून. तिच्या पलीकडे आवडाबाई. गुडघ्याला पट्टा बांधून कोंडाजीही उतरला होता, सुनेच्या अलीकडे एक जागा सोडून. चार दिवस तो तिच्याशी बोलला नव्हता. आज पहिला गोळा देताना म्हणाला, “जड हाय, नीट धर.”

दहाच्या सुमाराला बांधावर गाडी थांबली. इस्त्रीची पँट, पांढरे बूट. गणराज.

“मामा! वहिनी! ऐका ना. माझी बिलं काढून पाहिजेत. उद्या शेवटची तारीख आहे.”

रांग थांबली नाही.

“वहिनी, दहा मिनिटांचं काम आहे. घरी चला ना जरा.”

“भरती हाय दुपारी,” सुचिता म्हणाली. “बांध झाला की येते. तुमच्या टॅबवर काढा तोवर. तांदळाच्या डब्यात ठेवलाय.”

रांगेत हसू पसरलं, इकडच्या टोकाकडून तिकडच्या टोकापर्यंत, गोळ्याबरोबरच गेलं. गणराजने कोंडाजीकडे बघितलं. जावई आहे. सासऱ्याने सुनेला दटावायचं, जावयाला सावलीत खुर्ची द्यायची, नारळ फोडून पाणी द्यायचं. कोंडाजी छातीपर्यंत चिखलाने माखलेला होता. त्याने वर बघितलं, मग पाण्याकडे बघितलं. पाणी भरतीला वळलं होतं.

“जावईबापू,” तो म्हणाला, “सुनेच्या अलीकडं एक मानूस कमी हाय.”

“मामा, मी जावई आहे तुमचा.”

“व्हय. म्हनून तर नावानं हाक नाय मारली.”

गणराजने बूट काढले. मोजे त्यांच्यात खुपसले, पँट दुमडली, तरी पहिल्याच पावलाला तो मांडीपर्यंत गेला आणि एकाने दंडाला धरून त्याला उभा केला. कोंडाजीने कलिंगडाएवढा गोळा त्याच्याकडे केला. गणराजने दोन्ही हात पुढे धरले.